पेशी सरकताना ऊर्जा नेमकी कुठे मिळते, हे तपासायचं कसं

आधी एक गोष्ट पक्की करा, पेशी फोडून एकूण एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते तो रेणू, मोजलं तर ती हळू का सरकते ते कळत नाही. त्या आकड्यात पुढच्या कडेचं, मागच्या शेपटीचं, केंद्रकाजवळचं सगळं एकत्र मिसळलेलं असतं, आणि खर्च मात्र मोठा होतो तो पुढच्या कडेला, जिथे ॲक्टिन या प्रोटीनचे धागे सारखे बनतात नि मोडतात. म्हणून किती यापेक्षा कुठे, हे बघायचं.

पेशी फायब्रोब्लास्ट (जोडऊतीतल्या) घ्या, चपट्या असतात, आतलं नीट दिसतं. काचेच्या तळाची डिश, त्यावर पेशी धरून राहतील असा फायब्रोनेक्टिन या प्रोटीनचा थर. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले एटीपी बनवणारे भाग, दाखवायला टीएमआरएमसारखा रंग नको, कारण तो मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याच्या विद्युतदाबावर चालतो, दाब उतरला की मायटोकॉन्ड्रिया असूनही फिका दिसतो आणि आपल्याला वाटतं तिथे नाहीच. मायटोकॉन्ड्रियात जाणारं फ्लुरोसंट प्रोटीन बरं. दुसऱ्या रंगात अख्खा सायटोप्लाझमही (केंद्रकाबाहेरचा पेशीतला द्रव) भरा, हे टाळू नका! मी ते केलं नव्हतं आणि कित्येक आठवडे पुढे मायटोकॉन्ड्रिया कमीच आहेत असं धरून बसलो, मग लक्षात आलं की केंद्रकाजवळ पेशी जाड असते म्हणून तिथे सगळंच उजळ दिसतं. दोन रंगांचं गुणोत्तर काढल्यावर चित्र पार बदललं.

पेशींचा थर पूर्ण भरला की २०० मायक्रोलिटरच्या टिपने सरळ ओरखडा काढा, दोनदा धुवा, सीरम (पेशी वाढवणारा मिडियममधला घटक) कमी ठेवा, नाहीतर पेशी सरकल्या म्हणून नाही तर विभागल्या म्हणून जागा भरते. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दर १० मिनिटांनी एक फोटो, रात्रभर. मग नुसता ओरखडा किती बुजला ते बघू नका, एकेक पेशी ट्रॅक करा आणि वेग वेगळा, दिशा किती टिकली ते वेगळं काढा.

मोजणी सोपी आहे, केंद्रकापासून पुढच्या कडेपर्यंत अंतराचे सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येकात मायटोकॉन्ड्रिया किती ते लिहायचं. फिलोपोडियात, म्हणजे कडेतून निघणाऱ्या बारीक बोटांत, शोधत बसू नका, ती बोटं ०.१ ते ०.३ मायक्रॉन जाड, मायटोकॉन्ड्रिया साधारण अर्धा मायक्रॉन तरी, मावणार कसा?

आता खरी अवघड गोष्ट. पुढे मायटोकॉन्ड्रिया दिसले म्हणजे त्यांच्यामुळेच पेशी सरकते असं नाही, कारण उलटंही होतं, ऊर्जा कमी पडली की एएमपीके हे ऊर्जेवर नजर ठेवणारं एन्झाइम जागं होतं आणि मायटोकॉन्ड्रियाच पुढे ओढले जातात. म्हणून ऊर्जा तशीच ठेवून फक्त जागा बिघडवायची. मायटोकॉन्ड्रियातलं एटीपी बनणं थांबवणारं ऑलिगोमायसिन टाकून वेग कमी झाला तर ऊर्जा लागते एवढंच कळतं, जागेबद्दल काहीच नाही. नोकोडॅझोल या औषधाने मायक्रोट्यूब्यूल (पेशीतले वाहतुकीचे रूळ) मोडतात, मायटोकॉन्ड्रिया पुढे पोचत नाहीत, पण पेशीची दिशाही जाते, त्यामुळे तोही पुरावा माझ्या मते निकामी. मिरो१ काढा. हे मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावरचं प्रोटीन, त्याच्या आधाराने कायनेसिन हे मोटर प्रोटीन त्यांना मायक्रोट्यूब्यूलवरून ओढून नेतं, मिरो१ नसलं की मायटोकॉन्ड्रिया केंद्रकाभोवती गोळा होतात. उंदराच्या गर्भातल्या फायब्रोब्लास्टवर हे काम २०१७ मध्ये छापून आलं, मिरो१ नसलेल्या पेशींत कडेकडे जाताना एटीपीचं एडीपीशी (एटीपी खर्च झाल्यावर उरतो तो रेणू) गुणोत्तर घसरत गेलं आणि पेशीही हळू सरकल्या. तुम्ही केलंत तर एकूण एटीपी आणि ऑक्सिजनचा वापर दोन्ही पेशींत सारखा आहे का तेही तपासा, आणि मिरो१ परत घातल्यावर वेग परत येतो का ते तर बघाच, त्याशिवाय मला तरी पटत नाही.

एटीपी-एडीपीचं हे गुणोत्तर बघायला पर्सिव्हल-एचआर हा फ्लुरोसंट सेन्सर वापरतात, दोन वेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशाने उजळवून. पण तो पीएचलाही हलतो, म्हणून पीएचचा वेगळा सेन्सर हवाच.

शेवटचं, मिडियम बघा. २५ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये बऱ्याच पेशी ग्लायकोलिसिसवरच, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेर ग्लुकोज तोडून एटीपी बनवण्यावरच, भागवतात, आणि त्यातली काही एन्झाइम्स ॲक्टिनला चिकटून असतात, म्हणजे पुढच्या कडेला मायटोकॉन्ड्रियाविनाही एटीपी मिळू शकतं आणि तुमचा फरक झाकला जाऊ शकतो. ग्लुकोजऐवजी ग्लुटामिन या अमिनो आम्लासकट गॅलॅक्टोज ही दुसरी साखर दिली की पेशींना मायटोकॉन्ड्रियावर जास्त अवलंबावं लागतं. दोन्ही मिडियममध्ये समांतर करा, आणि व्हिडिओ ट्रॅक करणाऱ्याला कुठली डिश कशाची ते सांगू नका.