सीएनसी राउटरची खोली चुकते? स्टेप्सना हात लावण्याआधी या चुका टाळा

लातूरला माझ्या शेडमध्ये सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर, घराच्या नावाची पाटी कोरत होतो. सागवानी फळी, अक्षरं ३ मिमी खोल. पहिलं अक्षर बरोबर ३ आलं, शेवटचं व्हर्नियरनं मोजलं तर ४.२! मी लगेच झेडचे, म्हणजे वर-खाली हालचालीचे, स्टेप्स (एका मिलीमीटरला मोटरनं किती पावलं टाकायची तो आकडा) बदलले आणि चांगल्या मशीनचं माप घालवून बसलो.

आधी खोली कशी चुकतेय ते बघा. सगळीकडे सारखी, बेडच्या (फळी ठेवायच्या पाटाच्या) एकाच कोपऱ्यात, की काम पुढे जाईल तशी वाढत जाते?

वाढत जात असेल तर कोलेट, म्हणजे बिट (कटर) धरून ठेवणारी पकड, तपासा. अप-कट बिटचा पीळ भुसा वर फेकतो, पण स्वतः खाली ओढला जातो. पकड ढिली किंवा कोलेटमध्ये भुसा असला की बिट हळूहळू उतरतं. बिट आवळल्यावर कोलेटच्या तोंडाशी मार्करनं दांड्यावर बारीक रेघ मारा. माझ्याकडे दुसऱ्या पाटीनंतर ती रेघ मिलीमीटरभर खाली लोंबत होती. ईआर ११ मापाचं कोलेट आधी नटमध्ये कट् आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नट स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटरवर) चढवायचा. कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळलात तर पकड नीट बसतच नाही.

रेघ जागेवर, तरी खोली वाढतेय? मग स्पिंडल वर उचलताना झेडची मोटर स्टेप्स सोडत असणार. ग्रबलमध्ये (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) $११२ म्हणजे झेडचा कमाल वेग आणि $१२२ म्हणजे वेग वाढायचा दर कमी करून बघा, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलरचे बारीक स्क्रूही आवळा.

एकाच कोपऱ्यात फरक असेल तर बेड सपाट नाही. बेडचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) ओल धरून फुगतो; उन्हाळ्यात सपाट केलेला बेड पावसाळ्यात पुन्हा तपासावाच लागतो. बाक आलेली फळी नुसती कडांना क्लॅम्प केली तर मध्ये उचललेलीच राहते, आणि कटर तिथं जास्त खोल जातो.

सगळीकडे सारखाच फरक म्हणजे झिरो, म्हणजे बिट फळीला टेकतं ती शून्य उंची, चुकलंय. बिट बदललं की झेड झिरो नव्यानं घ्या. कागदानं घेत असाल तर कागदाची साधारण ०.१ मिमी जाडी धरा. मध्येच लाइट गेली तर जुन्या झिरोवर काम पुढे रेटू नका. मोटरची पकड सुटते आणि जड स्पिंडल खाली बसू शकतो.

दिलेल्या खोलीच्या प्रमाणात फरक वाढत असेल, म्हणजे ५ ला थोडा आणि १० ला दुप्पट, तरच स्टेप्सकडे वळा. झेड वर-खाली करणाऱ्या टी८ स्क्रूची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी असली तरी चार सुरुवातींचा, म्हणजे चार समांतर आट्यांचा, स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवतो. एका फेऱ्यात २०० स्टेप्सची मोटर, १/८ मायक्रोस्टेप (प्रत्येक स्टेपचे आठ भाग), म्हणून १६०० भागिले ८, म्हणजे $१०२ ला (झेडच्या स्टेप्सच्या आकड्याला) २००. पिच धरून ८०० टाकलेत तर कटर चौपट खोल घुसेल. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावून एकाच दिशेनं १० मिमी उतरवा. ९.८ दिसले तर जुना आकडा गुणिले १०, भागिले ९.८.