हिरोज ३ मध्ये हिरोची स्किल्स निवडताना या चुका टाळा

हिरोची लेव्हल वाढते, पडद्यावर स्किल निवडायला दोन चौकटी येतात आणि आपण दोन सेकंदांत एकीवर क्लिक करून मोकळे होतो. खेळातल्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शत्रूचा हिरो दारात उभा राहिला की मग आठवतं, की त्या चौकटीत ‘अर्थ मॅजिक’ ही जादूची शाखा होती आणि आपण बिनकामाचं ‘ईगल आय’ उचललं. ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा हिरो आणि त्याचं सैन्य घेऊन लढायचा कॉम्प्युटर गेम १९९९ साली आला. आम्ही मित्र आजही सुट्टीत एकाच कॉम्प्युटरसमोर बसून आळीपाळीने चाली करतो, आणि आजही हरणाऱ्याची रड तीच असते: “स्किलच धड आली नाहीत रे.” खरं तर आलेली असतात. घेतलेली नसतात.

खालचे आकडे २००० सालच्या ‘शॅडो ऑफ डेथ’ या विस्तारापर्यंतच्या मूळ खेळाचे आहेत. चाहत्यांनी बनवलेल्या ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ या विस्तारात काही आकडे बदलले आहेत, तेव्हा ते खेळत असाल तर तिथला मजकूर एकदा वाचून घ्या.

आठ जागांचा भ्रम

हिरोला आठ स्किल्स घेता येतात, प्रत्येकाच्या बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्स्पर्ट अशा तीन पायऱ्या. म्हणजे एकूण २४ पायऱ्या. सुरुवातीला दोन हातात असतात, त्यामुळे सगळं भरायला तेविसावी लेव्हल गाठावी लागते. मध्यम आकाराच्या मॅपवर माझा मुख्य हिरो निर्णायक लढाईच्या वेळी दहा ते पंधराच्या आसपास असतो. बारावी लेव्हल धरा, तिला २०,६०० अनुभव लागतो. तेव्हा हातात तेरा पायऱ्या असतात: चार स्किल्स एक्स्पर्ट आणि पाचव्याचं बेसिक. बस.

तेव्हा “आठ जागा आहेत, एखादी वाया गेली तरी काय बिघडतं” हा विचारच चुकीचा. तुमच्याकडे व्यवहारात चार-पाच जागा आहेत. आठही भरण्याच्या नादात सगळीच स्किल्स बेसिकवर अडकली, की एक ना धड भाराभर चिंध्या. आणि या खेळात खरी मलई एक्स्पर्टवर आहे. ‘स्लो’ हे साधं पहिल्या लेव्हलचं स्पेल (जादूचा मंत्र) आहे, पण अर्थ मॅजिक एक्स्पर्ट झालं की ते शत्रूच्या सगळ्या तुकड्यांवर एकदम पडतं आणि त्यांचा वेग निम्मा होतो. बेसिकवर तेच स्पेल एका तुकडीचा पाव वेग कमी करतं. आर्चरी नेमबाजांचा मारा बेसिकवर १० टक्क्यांनी वाढवते, एक्स्पर्टवर ५०.

दोन्ही चौकटींत नको तेच का येतं?

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि ‘नशीब’ हे तिचं उत्तर नाही. साधारणपणे एका चौकटीत तुमच्याकडच्या स्किलची पुढची पायरी येते, दुसरीत नवं स्किल. नवं नको असेल तर जुनं वाढवायचं, हा तुमचा सुटकेचा दरवाजा. आता समजा, सुरुवातीची दोन स्किल्स तुम्ही इमानदारीने वाढवत गेलात. पाचव्या लेव्हलला दोन्ही एक्स्पर्ट होतात. सहाव्या लेव्हलला वाढवण्यासारखं काहीच शिल्लक नाही, म्हणून दोन्ही चौकटींत नवी स्किल्स येतात. ‘नॅव्हिगेशन’ किंवा ‘फर्स्ट एड’. घ्या आता!

म्हणून एखादी पायरी राखून ठेवायची. चांगलं नवं स्किल दिसलं की ते बेसिकवर उचला, जुनं पूर्ण करायची घाई नको. हिरोची रोजची चाल वाढवणाऱ्या लॉजिस्टिक्ससारखं रोज उपयोगी पडणारं स्किल याला अपवाद, ते लगेच वाढवावं.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. विझ्डम (वरच्या लेव्हलची स्पेल शिकू देणारं स्किल) आणि जादूच्या चार शाखा (अर्थ, एअर, फायर, वॉटर) खेळ स्वतःहून ठरावीक अंतराने पुढे करतो. जादूगार हिरोला विझ्डम निदान दर तीन लेव्हलमागे एकदा, लढवय्याला दर सहा लेव्हलमागे. शाखांपैकी एखादी जादूगाराला दर तीन, लढवय्याला दर चार लेव्हलमागे. बाकी स्किल्स येण्याची शक्यता हिरोच्या वर्गावर अवलंबून असते, आणि काही मुळीच येत नाहीत. नेक्रोपोलिस या मृतांच्या टाऊनच्या हिरोला लीडरशिप (सैन्याचं मनोधैर्य वाढवणारं स्किल) कधीच येणार नाही. वाट बघत बसू नका. मिळून उपयोगही नव्हता म्हणा, मेलेल्या सैनिकांचं मनोधैर्य काय वाढवणार?

जागा फुकट घालवणारी दुसरी गोष्ट म्हणजे विच हट, मॅपवरची एक स्किल शिकवणारी झोपडी. मुख्य हिरो उत्साहाने झोपडीत शिरतो आणि न विचारता ‘मिस्टिसिझम’ गळ्यात पडतं. आधी एखादा किरकोळ हिरो आत पाठवा. तो जाऊन आला की झोपडीवर उजवं क्लिक केल्यावर तिथे काय शिकवतात ते दिसतं. मिस्टिसिझमबद्दल माझा राग जुना आहे. एक्स्पर्ट झाल्यावरही रोजचे चार स्पेल पॉइंट परत मिळणार, आणि मेज गिल्ड (स्पेल शिकवणारी इमारत) असलेल्या टाऊनमध्ये एक रात्र काढली तर सगळेच्या सगळे फुकट भरतात.

टाऊन न बघता स्किल घेणे

इथेच बहुतेक सामने हरले जातात. प्रत्येक टाऊनचं सैन्य आणि हिरो वेगळे, त्यामुळे एका टाऊनचं रामबाण स्किल दुसऱ्या टाऊनला निरुपयोगी असतं. स्किल चांगलं की वाईट, हे स्किलकडे बघून कळत नाही. आपल्या सैन्यात कोण आहे आणि आपलं मेज गिल्ड कितव्या मजल्यापर्यंत जातं, यावर ते ठरतं.

आर्चरीचंच घ्या. टॉवरकडे ग्रेम्लिन (मास्टर झाल्यावर), मेज आणि टायटन असे तीन नेमबाज आहेत, कॅसलकडे तिरंदाज आणि मंक. तिथे आर्चरी डोळे झाकून घ्यावी. कॅसलचे मार्क्समन तर एका चालीत दोन बाण सोडतात. रॅम्पार्टकडे नेमबाज फक्त एल्फ, पण ग्रँड एल्फही दोनदा मारतात, म्हणून तिथेही चालतं. फोर्ट्रेसकडे मात्र लिझर्डमन सोडून कोणी नाही, इन्फर्नोकडे फक्त गॉग, नेक्रोपोलिसकडे फक्त लिच. तिथे एक्स्पर्टच्या ५० टक्क्यांना भुलून तीन पायऱ्या खर्च करणं म्हणजे एका तुकडीसाठी अख्खं लग्न लावण्यासारखं आहे.

स्ट्राँगहोल्ड आणि फोर्ट्रेसचं मेज गिल्ड तिसऱ्या लेव्हलवर थांबतं. तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला बेसिक विझ्डम पुरतं. मग विझ्डम एक्स्पर्ट करून काय करणार? दुसऱ्याचं टाऊन जिंकायचा इरादा पक्का असेल तर ठीक, नाहीतर त्या दोन पायऱ्या ऑफेन्सला (हातघाईचा मारा वाढवणाऱ्या स्किलला) द्या. क्रॅग हॅक हा स्ट्राँगहोल्डचा बार्बेरियन, म्हणजे लढवय्या हिरो, सुरुवातीलाच अ‍ॅडव्हान्स्ड ऑफेन्स घेऊन येतो आणि त्याची खासियतही तीच. खासियत असलेलं स्किल दर लेव्हलमागे ५ टक्क्यांनी फुगतं, म्हणून इतरांचं ३० टक्क्यांचं एक्स्पर्ट ऑफेन्स त्याच्याकडे बाराव्या लेव्हलला ४८ टक्क्यांचं होतं. स्ट्राँगहोल्डला बॅलिस्टिक्स हे तटबंदी फोडायचं स्किलही टाळा, तिथले सायक्लॉप्स स्वतःच दगड मारून तटबंदी फोडतात.

“बार्बेरियनला जादू कशाला?” ही उलट टोकाची चूक. अर्थ मॅजिक असेल तर स्लोला पाच पॉइंट लागतात. ज्ञान १ असलेल्या हिरोकडेही दहा पॉइंट असतात, म्हणजे दोनदा मास स्लो. अडचण वेगळीच आहे: स्पेल किती फेऱ्या टिकेल ते हिरोच्या ‘पॉवर’ या गुणावर ठरतं, आणि पॉवर १ म्हणजे एकच फेरी. तरी पहिल्या दोन फेऱ्यांत शत्रू लंगडत चालला तर स्ट्राँगहोल्डच्या बेहेमथना तेवढं पुरतं. लढवय्या हिरोकडे सहसा जादूचं पुस्तक नसतं, गिल्डमध्ये ५०० सोनं देऊन ते विकत घ्यायला विसरू नका.

डंजनची गंमत न्यारी. ब्लॅक ड्रॅगनवर कुठलीच जादू चालत नाही, तुमची स्वतःचीही नाही. एअर मॅजिक एक्स्पर्ट करून मास हेस्ट (सगळ्या तुकड्यांचा वेग वाढवणारं स्पेल) टाकलंत तर तुमची सगळ्यात महागडी तुकडी त्यातून कोरडी राहते. म्हणून ड्रॅगनवर मदार असेल तर अर्थ: आपल्यांना पळवता येत नसेल तर समोरच्याला संथ करा. किंवा फायर मॅजिक, अ‍ॅडव्हान्स्ड विझ्डम आणि आर्मगेडन. सगळं रणांगण जळतं, ड्रॅगन तसेच उभे. इन्फर्नोलाही हेच जमतं, कारण तिथल्या इफ्रीटना आग लागत नाही. तो डाव मांडताना बाकीच्या तुकड्या मात्र टाऊनमध्येच ठेवा. मी एकदा त्या सोबत नेल्या होत्या. पुढचं विचारू नका.

कॅसलला मात्र उलट. तिथे सगळ्या तुकड्यांवर जादू चालते, त्यामुळे हेस्ट, ब्लेस, प्रेअर या सैन्याला बळ देणाऱ्या स्पेलचं सोनं होतं. वॉटर मॅजिकला नाक मुरडणारे खेळाडू कॅसलकडून प्रेअर एक्स्पर्ट खेळलेले नसतात. कॅसलचं गिल्ड चौथ्या लेव्हलवर संपतं, प्रेअर नेमकं चौथ्याच लेव्हलचं, म्हणून विझ्डम अ‍ॅडव्हान्स्डवर थांबवलं तरी चालतं.

नेक्रोपोलिसबद्दल फार सांगायला नको: नेक्रोमन्सी (मेलेल्यांना उठवून सैन्यात घेणारं स्किल) आधी एक्स्पर्ट, मग बाकी जग. तिथले सगळे हिरो ती घेऊनच येतात. कॉन्फ्लक्सवाल्यांची एक नेहमीची उधळपट्टी मात्र सांगतो. त्यांच्या टाऊनमधल्या मॅजिक युनिव्हर्सिटीत जादूची शाखा २००० सोन्यात बेसिकपर्यंत शिकता येते. तेवढ्यासाठी लेव्हलची एक पायरी घालवू नका.

ऑफेन्स मोठं की आर्मरर?

एक्स्पर्ट ऑफेन्स ३० टक्के, एक्स्पर्ट आर्मरर १५ टक्के. आकडे बघून सगळे ऑफेन्सकडे धावतात. पण ऑफेन्सचे टक्के हल्ल्यातल्या फरकाच्या टक्क्यांत मिळवले जातात. तुमचा अटॅक समोरच्याच्या डिफेन्सपेक्षा २० ने जास्त असेल तर नुकसान १०० टक्क्यांनी वाढून दुप्पट होतं. त्यात ऑफेन्स आलं की २ पटीचं २.३ पट, म्हणजे प्रत्यक्ष वाढ १५ टक्के. आर्मरर मात्र आपल्याला होणाऱ्या नुकसानाच्या शेवटच्या आकड्यातून १५ टक्के कापतं, परिस्थिती कशीही असो. फोर्ट्रेसच्या ताझारला याचीच खासियत आहे, आणि तो हातात आला की त्याच्यावर चाल करून येणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. सुरुवातीला ऑफेन्स जास्त जाणवतं, खेळ लांबला की आर्मरर.

काही नेहमीची दुखणी

लॉजिस्टिक्स एक्स्पर्ट आहे, तरी हिरो पोहोचत नाही. सैन्य तपासा. दिवसभराची चाल सकाळी सगळ्यात संथ तुकडीवरून ठरते. वेग ३ असेल (टॉवरचा स्टोन गोलेम, रॅम्पार्टचा साधा ड्वार्फ) तर जमिनीवर १५०० पॉइंट. वेग ७ असेल तर १७६०. दोन गोलेम सोबत ठेवून तुम्ही लॉजिस्टिक्सचा अर्धाअधिक फायदा घालवता. दिवस संपायच्या आत त्यांना मागच्या हिरोकडे सोपवा. दलदलीचा मॅप असेल तर पाथफाइंडिंगचाही विचार करा: कोरड्या गवतावर जिथे १०० पॉइंट लागतात तिथे दलदलीत १७५, आणि एक्स्पर्ट पाथफाइंडिंग ते वरचे ७५ पुसून टाकतं.

गिल्डमध्ये टाऊन पोर्टल (हिरोला एकदम टाऊनमध्ये नेणारं स्पेल) दिसतं, पुस्तकात येत नाही. ते चौथ्या लेव्हलचं आहे, अ‍ॅडव्हान्स्ड विझ्डम हवं. विझ्डम मिळाल्यावर गिल्डमध्ये पुन्हा जावं लागतं, ते आपोआप येत नाही. आणि अर्थ मॅजिक निदान अ‍ॅडव्हान्स्ड नसेल तर टाऊन निवडता येत नाही, सगळ्यात जवळच्या टाऊनमध्ये जाऊन पडता.

रिसरेक्शनने उठवलेले सैनिक लढाई संपताच नाहीसे होतात. अर्थ मॅजिक बेसिक आहे किंवा नाहीच. अ‍ॅडव्हान्स्ड झाल्याशिवाय ते कायमचे उठत नाहीत. डंजनचे जेडाइट आणि अलामार हे दोघे याच स्पेलचे खास हिरो, त्यांना घेतलं तर अर्थ दिसेल तेव्हा उचला. त्यांच्या बाबतीत दुसरा विचारच नको.

एस्टेट्स घेतलं, पण पैसे वाढलेले दिसत नाहीत. बेसिकवर रोज १२५ सोनं मिळतं. टॅव्हर्नमध्ये हिरो २५०० ला मिळतो, म्हणजे निव्वळ पैशासाठी घेतलेला हिरो वीस दिवसांत आपली किंमत वसूल करतो. मुख्य हिरोच्या चार जागांपैकी एक यावर घालवणं मला कधीच पटलं नाही. गावात बसून असलेल्या हिरोला ते येऊ द्या.

टॅक्टिक्स (लढाईआधी तुकड्या मांडू देणारं स्किल) घेतलं, तरी लढाईआधी तुकड्या हलवता येत नाहीत. समोरच्याकडेही टॅक्टिक्स आहे. दोघांची पातळी सारखी असेल तर ते एकमेकांना खातात, फरक असेल तेवढंच वरच्याला मिळतं. ‘शक्ती’ आणि ‘टायरॅक्सर’ या दोन्ही हिरोंकडे टॅक्टिक्स असतं. त्यांच्याशी गाठ पडणार हे आधीच दिसत असेल, तर ती पायरी दुसरीकडे लावा.

डिप्लोमसीवरून मात्र आमच्या गटात दर वेळी भांडण होतं. वाटेतली फौज लढाईशिवाय सामील होते, कुठल्याही टाऊनला चालतं, आणि एकदा कोणी एक्स्पर्ट केलं की बाकीच्यांचा खेळातला रस संपतो. आम्ही सध्या त्यावर बंदी घातली आहे. गेल्या वेळी बंदीची मागणी सगळ्यात मोठ्याने करणारा मीच होतो, आणि डाव संपल्यावर माझ्या हिरोकडे बेसिक डिप्लोमसी सापडली. विच हटमधून आली होती, खरंच.