सबटायटलच्या आधारे वाचनाचा सराव कसा घ्यावा

मराठी गाण्याखाली त्याच्या ओळी मराठीतच दिसत राहिल्या, तर मूल त्या नकळत वाचू लागते, कारण शब्द कानाला आधीच ठाऊक असतो आणि डोळ्यांना केवळ त्याचे लिखित रूप ओळखायचे असते. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये ही कल्पना पुढे आणली आणि नंतर गुजरातमध्ये दूरदर्शनच्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात ती वापरली गेली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील लहान शाळांनाही ती सहज पेलेल. मात्र हिंदी किंवा इंग्रजी व्हिडिओखाली मराठी ओळी देऊन हे साधत नाही. जे ऐकू येते तेच दिसले पाहिजे.

सुरुवात गाण्याने करावी, कारण त्यात ओळी पुन्हा पुन्हा येतात. एकच लहान गाणे आठवडाभर रोज दाखवावे आणि पहिल्या दिवशी वाचा असे सांगूच नये. पुढे आवाज बंद करून ओळींवरून मुलांना गाऊ द्यावे. कोण पाठांतरावर गात आहे हे कळण्यासाठी चित्र मध्येच थांबवून एखाद्या शब्दावर बोट ठेवायला सांगावे.

तयार व्हिडिओंपेक्षा गावातच केलेले चित्रण मला अधिक मोलाचे वाटते. किनाऱ्यावरच्या मुलांच्या कानावर 'वल्हवणे' हा शब्द नेहमी पडतो, पण पुस्तकात 'ल्ह' समोर आला की नवशिकी मुले अडखळतात. होडी वल्हवणारा स्वतः तो शब्द उच्चारत असताना तेच जोडाक्षर खाली दिसले, तर ते ओळखीचे होते. तो मालवणीत बोलत असेल, तर ओळीही मालवणीतच लिहाव्यात. त्यांची प्रमाण मराठी करू नये.

ओळी लिहायला नोटपॅड पुरते. क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ (हे अंक इंग्रजीच हवेत) व खाली मजकूर, अशी रचना करून फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरे नीट दिसावीत म्हणून जतन करताना निवडायचा पर्याय), एसआरटी प्रकारात (म्हणजे नावाच्या शेवटी .srt) आणि व्हिडिओच्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली, की व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम ती आपोआप उचलतो. यूट्यूबने आपोआप तयार केलेल्या ओळी तपासल्याशिवाय वापरू नयेत. वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ ठेवणे मला गैर वाटते. पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून सारे पेन ड्राइव्हवर आधीच घ्यावे.

आठवड्याच्या अखेरीस त्याच ओळी क्रम बदलून कागदावर द्याव्यात. तेथे मूल अडखळले, तर नवे गाणे न घेता तेच आणखी काही दिवस चालू ठेवावे.