जुन्या सागवानी सामानातून बैठक कशी उभी करावी: नागपूरच्या हवेत टिकणारं काम

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टात ८० च्या पुढे जाते. लाकूड ही दोन्ही टोकं झेलतं. उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. चाळीस-पन्नास वर्षं हे सोसलेलं सागवान जेवढं वाकायचं, चिरायचं तेवढं वाकून-चिरून स्थिरावलेलं असतं. म्हणून कवेलूच्या (कौलांच्या) बैठ्या घरासाठी जुनं फर्निचर स्वस्त तर पडतंच, पण लाकूड म्हणूनही अर्धवट वाळवलेल्या नव्या मालापेक्षा भरवशाचं ठरतं.

अट एकच, कामाचा हंगाम पाळायचा. दिवाळीनंतर शोध आणि दुरुस्ती, होळीच्या आधी पॉलिश. मृग लागल्यावर पॉलिशला हात लावू नका. कारण पुढे येईलच.

आधी खडू, मग खरेदी

खोली रिकामी करा आणि फरशीवर खडूने प्रत्येक वस्तूची जागा आखा. १२ बाय १४ फुटांच्या बैठकीत एक लांब बाक, दोन खुर्च्या, मधलं टेबल आणि एक छोटं बाजूचं टेबल एवढंच नीट मावतं. जुन्या वस्तू नव्यापेक्षा बोजड असतात, सहावी-सातवी आणली की खोली गोदामासारखी दिसते. जायच्या-यायच्या वाटेला अडीच फूट सोडा, बाक आणि मधलं टेबल यांच्यात १५ ते १८ इंच.

कूलर कोणत्या खिडकीत बसतो ते याच वेळी खुणा करून ठेवा. त्याच्या थेट झोतात चार फुटांच्या आत लाकडी वस्तू नको. आणि दाराची रुंदी मोजा. जुन्या घरांची दारं कित्येकदा अडीच फुटांचीच असतात, कपाट दारात अडकल्यावर ते लक्षात येतं.

वस्तू पारखताना

महाल-इतवारी भागातले जुने वाडे उतरवतात तेव्हा निघालेलं लाकूड आणि घरं बदलणाऱ्यांचे पलंग, संदूक, आरामखुर्च्या, हे दोन मुख्य स्रोत. फळी किंवा चिरकाम लागलं तर लकडगंजचा लाकूडबाजार आहेच.

वरचं पॉलिश बघून काही ठरवू नका. वस्तू उलटी करा. ड्रॉवरच्या तळाशी किंवा पायाच्या आतल्या बाजूला पॉलिश नसतं, तिथे ८० नंबरचा पॉलिश पेपर चार वेळा घासा. सागवान असेल तर आतून सोनेरी-तपकिरी रंग आणि चामड्यासारखा तेलकट वास येतो. फळीच्या कडेला वेगळ्या रंगाचा पातळ थर दिसला तर तो प्लायवर चिकटवलेला पापुद्रा आहे. तो घासला की संपतो, असा माल घेऊच नका.

मग कीड. सागवानाचा आतला गाभा किडीला सहसा दाद देत नाही, पण कडेचा पांढुरका भाग देतो. एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर भुंगा अजून आत आहे. भोकं आहेत पण भुकटी नाही, तर वस्तू कागदावर आठवडाभर उभी ठेवा. कागद स्वच्छ राहिला तर बहुधा जुनी जखम आहे. वाळवीने खाल्लेला पाय पेचकसाने टोकरला की आत शिरतो. असा पाय भरत बसू नका, कापून नवा जोडा.

ढेकूण तपासायला बहुतेक जण विसरतात. वेताच्या जाळीची कड, खिळ्यांची भोकं, पलंगाच्या सांध्यातल्या फटी इथे काळे ठिपके शोधा. ठिपके असतील तर वस्तू अंगणातच ठेवून सांध्यांवर उकळतं पाणी सोडा आणि आठ दिवसांनी पुन्हा सोडा, कारण अंडी मागाहून फुटतात. त्याने पॉलिश पांढरं पडेल, म्हणून हे काम पॉलिश उतरवण्याच्या आधी.

नागपूरच्या उन्हाचा एक उपयोग मात्र आहे. निर्यातीच्या लाकडी खोक्यांतली कीड मारायला लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, गच्चीवर काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं स्टूल किंवा पाट या तापमानाच्या जवळ जाऊ शकतो. तीन-चार दुपारी ठेवा, पण फक्त इंचभर जाडीच्या भरीव वस्तू. जाड खांब आतपर्यंत तापत नाहीत, आणि पापुद्रा लावलेल्या वस्तूंचा डिंक सुटतो.

सांधे आधी, पॉलिश नंतर

हलणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. खिळा सांध्यातलं लाकूड फाडतो आणि सहा महिन्यांत खुर्ची पुन्हा हलते. सांधा रबरी हातोडीने सोडवा, आतला जुना सरस खरवडून काढा. सागवान तेलकट असल्यामुळे त्याला फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून दोन्ही बाजू थिनरने पुसा, पंधरा मिनिटं सुकू द्या आणि लगेच फेविकॉल लावून बसवा. शिकंजा नसेल तर खुर्चीच्या चारही पायांभोवती दोरी गुंडाळून मध्ये काडी घाला आणि पीळ द्या. २४ तास तसंच. बाहेर आलेला फेविकॉल तेव्हाच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथे पॉलिश मुरत नाही आणि फिकट डाग राहतो.

जुना थर उतरवणं

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कोपऱ्यात घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडीचं (लाखेचं) पॉलिश आहे. ते पूर्ण काढायची गरज नसते, स्पिरिट आणि जाड फडक्याने मळ निघतो आणि त्यावरच नवा हात चढतो. स्पिरिटने काहीच झालं नाही तर ऑइल पेंट किंवा मेलामाइन असेल, त्याला रिमूव्हर लागतो.

हिरव्या-निळ्या ऑइल पेंटचे जुने दरवाजे आणि कपाटं कोरडी घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं कितीही असू शकतं. घासताना उडणारी धूळ लहान मुलांना फार घातक. रिमूव्हर लावा, ओल्या पृष्ठभागावरून खरवडा, निघालेला रंग पिशवीत बांधून टाका. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नसलेली बरी.

थर निघाल्यावर १२०, मग १८०, मग २२० नंबरचा पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा ओरखडा आत्ता दिसत नाही, पॉलिशनंतर दिसतो.

पलंगाचा बाक

पाच फूट रुंदीचा जुना पलंग बैठकीत सर्वांत जास्त कामी येतो. उशाकडची फळी पाठ होते, पायथ्याची फळी कापून दोन बाजू, आणि लांबीच्या पट्ट्या पुढची-मागची चौकट.

कापण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. लपलेला एक खिळा करवतीचे दात घालवतो. पायथ्याच्या फळीवर दोन्ही खांबांच्या बाहेरून २२-२२ इंच मोजून कापा. मधला १६ इंचांचा तुकडा दुरुस्तीला ठेवा. खांब पुढचे पाय होतात. लांबीच्या पट्ट्या पाठीच्या दोन खांबांमधल्या मापाने कापा.

चौकटीची वरची कड जमिनीपासून १४ इंचांवर घ्या. तीन इंचांची गादी धरून बसायची उंची १७ इंच होते. जुन्या पलंगाची चौकट यापेक्षा उंच असते आणि ती तशीच ठेवली तर पाय लोंबकळतात. प्रत्येक कोपऱ्यात १० मिलिमीटरचे दोन बोल्ट, वायसर लावून. एकच बोल्ट घातला तर सांधा त्याभोवती फिरतो आणि बाक डुलतो.

चौकटीच्या आत दीड इंच रुंद आधारपट्टी बसवा, तिला दर आठ इंचांवर एक स्क्रू. तिच्यावर पुढून मागे ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड फळ्या, मध्ये अर्धा इंच फट. पाच फुटांना १७ लागतात. वाळलेलं सागवान टणक असतं, आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला तर लाकूड चिरतं किंवा स्क्रूचं डोकं तुटतं. स्क्रूला साबण लावा. पुढच्या पट्टीला मधोमध एक पाय द्याच, पाच फुटांवर तीन माणसं बसली की ती झुकते.

पाठ सरळ उभी आहे, त्यामुळे मागे चार इंचांचे लोड हवेतच. बसायला १८ इंच उरतात, ते पुरेसं. गादी कापसाचीच भरून घ्या, फोमपेक्षा उन्हाळ्यात थंड. चार इंच भरली की काही महिन्यांत तीनवर बसते. टाके आठ-नऊ इंचांवर घालायला सांगा, नाहीतर कापूस एका बाजूला सरकतो. खोळीला ३६ इंच पन्ह्याचं जाड सुती कापड साडेतीन मीटर. गांधीबागेच्या कापडबाजारात हवं तसं मिळेल. शिवण्याआधी धुऊन घ्या.

पॉलिश

चपडी १५० ग्रॅम, स्पिरिट एक लिटर. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. लोखंडी डबा नको, पॉलिश काळवंडतं. सहा महिन्यांहून जुनं मिश्रण नीट कडक होत नाही, तेवढंच करा जेवढं लागेल. एका बाकाला साधारण लिटरभर पुरतं. जवळपास गॅस, दिवा, उदबत्ती काही नको.

कापसाच्या गोळ्यावर जुन्या धोतराचं कापड गुंडाळा, गोळा ओलसर हवा, गळता नको. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता हात फिरवा. मध्ये थांबलात की गोळा तिथेच चिकटतो. तीन हात, प्रत्येकी तासाभराने, मग ३२० चा पेपर हलकेच, मग आणखी चार-पाच हात.

सकाळी नऊच्या आत त्या दिवसाचे हात आटपा. ऊन चढलं की स्पिरिट गोळा पुढे सरकण्याआधीच उडतं आणि पट्टे पडतात. कूलर बंद ठेवा. स्पिरिट उडताना थर थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिश धुरकट पांढरं दिसतं. पावसाळ्यात पॉलिश न करण्याचं कारण हेच. असं झालंच तर कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलावलेला गोळा एकदा हलक्या हाताने फिरवा, बहुतेक वेळा धुरकटपणा जातो.

चपडी चहाच्या गरम कपाला टिकत नाही. टेबलाच्या वरच्या फळीला पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) दोन हात द्या, तेही कोऱ्या लाकडावर. साध्या चपडीत मेण असतं, तिच्यावर पीयू धरत नाही, सोलून निघतो.

काही जण जवसाचं तेल पसंत करतात. रंग सुरेख येतो. पण स्वयंपाकाचं कच्चं तेल कित्येक आठवडे चिकट राहतं, दुकानातून 'बॉइल्ड' म्हणूनच मागा. आणि तेलाची फडकी कधीही चुरगाळून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेल्या फडक्यात ती साठते आणि ठिणगी न लागता आग लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका आणखी मोठा. फडकी पाण्याच्या बादलीत टाका.

बाकीच्या वस्तू

शिलाई मशीनच्या जुन्या स्टँडचं बाजूचं टेबल छान होतं. बीड लोखंड ठिसूळ असतं, त्यावर हातोडा चालवू नका. तारेच्या ब्रशने गंज काढा, रेड ऑक्साइडचा एक हात, काळ्या इनॅमलचे दोन. पायट्याचं चाक तारेने पक्कं बांधा, मुलांची बोटं त्यात जातात. वर १६ इंच रुंद सागवानी फळी असेल तर ती ऋतूंमध्ये एखादं सूत (इंचाचा आठवा भाग) हलते. म्हणून स्क्रूचं भोक गोल नको, रुंदीच्या दिशेने लांबट हवं. गोल भोकात जखडलेली फळी उन्हाळ्यात मधून चिरते.

वेताच्या खुर्चीची जाळी बसवण्याआधी अर्धा तास पाण्यात भिजवा. पुढे दर उन्हाळ्यात तीन-चारदा खालच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारा. वरची साल गुळगुळीत असते, पाणी शोषत नाही.

संदुकीला चार चाकं आणि वर ८ मिलिमीटरची टफन काच दिली की मधलं टेबल तयार. बंगई मात्र कवेलूच्या छताच्या तुळईला आपल्या अंदाजाने टांगू नका. झोका घेताना ओढ नुसत्या वजनापेक्षा जास्त पडते. तुळई सुताराला दाखवा, शंका असेल तर लोखंडी स्टँडवर लावा.

मांडताना आणि पुढे

भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवा, हवा खेळते आणि वाळवीची मातीची वाट चटकन दिसते. प्रत्येक पायाखाली कडप्प्याचा छोटा तुकडा द्या, फरशी पुसताना पाणी लाकडात चढत नाही. भिंती जुन्या चुन्याच्या असतील तर चुनाच लावा. प्लास्टिक पेंट ओल आत कोंडतो आणि पोपडे धरतो.

पोळ्याच्या सुमारास ड्रॉवर अडकू लागतील. तेव्हा रंधा मारू नका. त्या महिन्यात बरोबर बसवलेला ड्रॉवर एप्रिलमध्ये खुळखुळतो. कडांना मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा. नोव्हेंबरातही अडकला, तरच सुताराला बोलवा.