इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा आवाज बिघडल्यास दोष कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

गणेशोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या, की इंदूरमधील कितीतरी घरांतले आणि भजनी मंडळांचे कीबोर्ड कपाटांवरून खाली उतरतात आणि नेमक्या त्याच वेळी त्यांतील काहींचा आवाज दगा देतो. माळव्यातील उन्हाळ्याची बारीक धूळ वाद्यात शिरलेली असते. तिच्यावर पावसाळ्याची ओल बसली, की आतील संपर्क मळतात. असे वाद्य लगेच निकामी समजू नये. मात्र स्क्रूला हात लावण्यापूर्वी आवाज नेमका कोणत्या टप्प्यावर तुटतो हे ठरवावे, कारण दोष न कळता उघडलेल्या वाद्यात नवा दोष निर्माण होण्याची शक्यता फार असते.

प्रथम वीजपुरवठा पाहावा. सहा सेलवर चालणाऱ्या वाद्यास १.५ व्होल्टच्या साध्या सेलमधून ९ व्होल्ट मिळतात, तर १.२ व्होल्टच्या रिचार्जेबल सेलमधून केवळ ७.२ व्होल्ट मिळतात. आवाज वाढवताच वाद्य बंद पडत असेल, तर दोष बहुधा इथेच असतो. अडॅप्टर बदलताना व्होल्टेज आणि पिनचे ध्रुव या दोन्ही गोष्टी वाद्यावरील खुणेशी जुळल्या पाहिजेत. जुन्या अनेक कॅसिओ वाद्यांना ९ व्होल्ट आणि मध्यभागी ऋण ध्रुव लागतो, यामाहाच्या अनेक वाद्यांना १२ व्होल्ट आणि मध्यभागी धन ध्रुव लागतो. त्यामुळे पिन बसली म्हणजे अडॅप्टर योग्य आहे, असे मानणे धोक्याचे आहे. भणभण ऐकू येत असल्यास वाद्य सेलवर चालवून पाहावे. ती थांबली, तर अडॅप्टर किंवा घरातील अर्थिंग तपासावे.

पुढची परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते. वाद्यातील डेमो गाणे लावावे आणि हेडफोन जोडून ऐकावे. डेमो वाजतो, पण पट्ट्या दाबून काहीच ऐकू येत नाही, अशा वेळी बहुधा ‘लोकल कंट्रोल’ (पट्ट्या वाद्याच्याच आवाजाशी जोडणारे सेटिंग) बंद झालेले असते. ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आहे आणि स्पीकर मात्र मुके आहेत, तर हेडफोन जॅकमधील छोटा स्विच अडकला असण्याचा संभव मोठा आहे, कारण पिन आत गेली की हाच स्विच स्पीकर तोडतो. पिन अनेकदा आतबाहेर केल्याने तो पुष्कळदा सुटतो. सुटला नाही, तर स्पीकरची तार काढून मल्टिमीटरने रोध मोजावा. ४ ओहमचा चांगला स्पीकर त्याहून किंचित कमी रोध दाखवतो, तुटलेल्या स्पीकरवर मीटर शून्य नव्हे, तर अमर्याद रोध (‘OL’) दाखवतो.

पांढरी एक दाबल्यावर काळी एकचा सूर येत असेल, तर तो बिघाड नसून ट्रान्सपोज (सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारे सेटिंग) बदललेले असते. सूर सोडल्यावरही तसेच लांबत राहिले, तर वाद्य बंद करून सूर लांबवणारे पेडल जोडावे आणि पाय न ठेवता पुन्हा सुरू करावे. अनेक वाद्ये पेडलची स्थिती सुरू होतानाच वाचतात.

सर्वाधिक तक्रारी पट्ट्यांच्या असतात आणि त्या घरी दुरुस्त होतात. प्रत्येक पट्टीखाली रबराचा घुमट असून, स्पर्शाचा जोर ओळखणाऱ्या वाद्यांत त्याच्या आत कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या असतात. त्या खालच्या सर्किट बोर्डावर एकामागोमाग टेकतात आणि मधल्या वेळेवरून वाद्य आघाताचा जोर ठरवते. म्हणून टिकली मळली, की सूर येतच नाही किंवा कितीही हळू दाबले तरी दणक्यात येतो. वीज व सेल काढून वाद्य मऊ कापडावर उलटे ठेवावे, स्क्रू ज्या जागेचे तसेच कागदावर मांडावेत (त्यांची लांबी सारखी नसते) आणि प्रत्येक केबलचे छायाचित्र घ्यावे. रबरपट्टी हलक्या हाताने उचलून टिकल्या आणि बोर्डावरील काळे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. पॉलिशपेपर किंवा ब्लेड कदापि वापरू नये, कारण कार्बनचा थर एकदा गेला की परत येत नाही. दोष तरीही राहिला, तर दोन सप्तकांच्या सारख्या रबरपट्ट्यांची अदलाबदल करावी: दोष रबरपट्टीबरोबर सरकला तर रबर बदलावे, जागीच राहिला तर बोर्ड पाहावा. ठरावीक अंतराने, म्हणजे दर सहावी किंवा आठवी पट्टी मुकी असेल, तर धूळ नव्हे, रिबन केबल (अनेक तारांची चपटी पट्टी), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) किंवा बोर्डावरील वीज नेणारी तुटलेली रेघ कारणीभूत असते. झाकण बसवण्यापूर्वी प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून पाहावी.

आवाजाची कळ फिरवताना खरखर होत असल्यास इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीच बनवलेला क्लीनर तिच्या फटीत फवारून ती अनेकदा फिरवावी. गंज सोडवणारे तेल वापरू नये, त्याचा चिकट थर राहून पुढे धूळ धरतो.

ज्या मोठ्या वाद्यात २३० व्होल्टची तार थेट आत जाते, ते घरी उघडू नये, कारण वीज काढल्यावरही आतील कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) काही काळ भारित राहू शकतो. मुख्य बोर्डातील बिघाडासाठी इंदूरमधील जेल रोडच्या बाजारातील जाणकार कारागिराकडे जावे. जाताना अडॅप्टर आणि पेडल बरोबर न्यावेत आणि हेडफोन, डेमो व सेल यांच्या परीक्षेत काय आढळले ते कागदावर लिहून द्यावे.