मकरपुऱ्याला निघण्याआधी: तुटक्या कर्नेल लॉगची तयारी

मागच्या खेपेला वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी बोर्डावरचं धडधाकट कार्ड काढायला लावलं. कर्नेल लॉगमधला (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, छापतो त्या संदेशांच्या नोंदीतला) अर्धा तुटलेला संदेश मी भलत्याच चॅनेलचा समजलो होतो. म्हणून ही यादी. सिरियल केबल, पेन ड्राइव्ह वगैरे घ्याच.

सगळ्यात आधी प्रिंटके-कॉलर (CONFIG_PRINTK_CALLER), म्हणजे ओळ कोणी छापली ते दाखवणारा पर्याय, चालू करा. हा लिनक्स 5.1 पासून आहे आणि कर्नेल बिल्ड करतानाच निवडावा लागतो. साइटवर आठवून उपयोग नाही, मला तिथेच आठवला. तो असला की प्रत्येक ओळीपुढे टी412 किंवा सी1 असं येतं: टी म्हणजे कुठला टास्क (चालू काम) बोलतोय, सी म्हणजे इंटरप्टमधून (हार्डवेअरने मध्येच दिलेल्या हाकेतून) कुठला सीपीयू.

आता कोड. संदेशाचे तुकडे करत असाल तर पुढच्या प्रत्येक तुकड्याला पीआर_कॉन्ट (pr_cont, आधीचीच ओळ पुढे चालू ठेवणारं फंक्शन) हवंच, 4.9 पासून ते नसेल तर सरळ नवी ओळ सुरू होते. पण तेवढ्याने भागत नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये इंटरप्टने स्वतःची ओळ छापली की उरलेला तुकडा अनाथ होतो: वेगळी ओळ, डिव्हाइसचं नाव नाही, आणि पातळी (संदेश किती गंभीर ते) डीफॉल्ट, म्हणजे सहसा 4, वॉर्निंग. मग तुम्ही फक्त इन्फो पातळीच्या ओळी निवडून बघता आणि त्या तुकड्यातला नेमका आकडाच दिसत नाही. तो तुकडा कोणाचा हे कॉलरच सांगतो. कॉलर चालू केलात ना?

खरा उपाय म्हणजे आपल्या बफरमध्ये (मेमरीतल्या राखीव जागेत) एससीएनप्रिंटएफने (scnprintf) अख्खी ओळ जुळवून एकदाच छापणं. एसएनप्रिंटएफ (snprintf) नको, जागा संपली तरी तो पूर्ण लांबी परत देतो आणि पुढची बेरीज बफरबाहेर जाते. 64 बाइटपर्यंतचा डेटा हेक्समध्ये छापायला %*पीएच (%*ph) हा फॉरमॅट पुरतो. पीआर_डीबगच्या (pr_debug, फक्त डीबग चालू असताना छापणारं) पाठोपाठ पीआर_कॉन्ट कधीच लावू नका: डीबग बंद असला तरी शेपूट छापलं जातं.

चाचणी सगळ्या कोअरवर भार टाकून करा. दांडिया बाजारातल्या माझ्या टेबलावर बोर्ड निवांत होता, तिथे एकही ओळ तुटली नाही.

लॉग बफर (कर्नेल संदेश साठवतो ती जागा) वाढवा, नेहमीचे 128 केबी लवकर भरतात. बोर्ड बूट करून सिरियल कन्सोलवर टी-सी दिसतात का ते डोळ्यांनी बघा. दिसत नसतील तर निघू नका, परत बिल्ड करा.