सिंथेटिक दाढीचा ब्रश: निवडताना काय पाहावे, वापरताना पाणी कसे सांभाळावे

दाढीचा पहिला ब्रश घ्यायचा असेल तर सिंथेटिकच घ्यावा. नायलॉनच्या जाड, टोचऱ्या केसांचे जुने ब्रश ज्यांनी वापरले आहेत त्यांना हे पटकन पटणार नाही. पण हल्लीचे चांगले तंतू बारीक असतात आणि टोकाकडे निमुळते होत जातात, त्यामुळे मुळाशी ताठपणा राहतो आणि गालाला मऊ टोकच लागते.

डुकराच्या केसांचा ब्रश राठ असतो. दाढीआधी तो तीन-चार मिनिटे भिजत ठेवावा लागतो. केसांची टोके फाटून तो मऊ व्हायला काही आठवडे जातात, आणि तोवर ओल्या जनावराचा वासही सोसावा लागतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश सुरुवातीपासून मऊ असतो, पाणीही भरपूर धरतो; पण ते पाणी सुटायला वेळ घेतो. रोज ओलाच राहिला की कुबट वास येतो आणि केस मुळाशी तुटू लागतात. सिंथेटिक तंतूच्या आत पाणी जवळपास शिरतच नाही, ते फक्त तंतूंच्या मधे अडकते. म्हणून तो भिजवावा लागत नाही आणि काही तासांत सुकतो. (पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे अँथ्रॅक्स हा गंभीर जिवाणूजन्य आजार झाल्याच्या नोंदी आहेत. आजच्या ब्रशांबाबत ती धास्ती बाळगण्याचे कारण नाही.)

निवडताना रंगापेक्षा मापे पाहा. मुठीपाशी झुबक्याचा व्यास 24 मिमी आणि मुठीवर केसांची उंची 50 मिमीच्या आसपास असेल तर बहुतेकांचे काम होते. त्याच व्यासात उंची 45 मिमीवर आली की ब्रश ताठ लागतो, 55 च्या पुढे गेली की लोळतो. झुबका तळहातावर दाबून सोडा. तो सरळ उभा राहिला पाहिजे, पण स्प्रिंगसारखा उसळता कामा नये. असा उसळणारा ब्रश फेस आरशावर उडवतो. मग झुबक्याच्या मध्यभागी बोट घालून तळापर्यंत न्या. गोंदाचा टणक उंचवटा बराच वर आलेला लागला तर तेवढी उंची वाया गेली असे समजावे. असा ब्रश सांगितलेल्या मापापेक्षा ताठ वागतो.

नैसर्गिक ब्रशची सवय असणाऱ्यांचे सगळ्यात जास्त बिनसते ते पाण्यात. बॅजर पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. सिंथेटिक ते जरा दाबताच एकदम सोडतो, मग साबण पातळ होऊन मनगटावरून ओघळतो. म्हणून ब्रश नळाखाली ओला करा आणि दोन-तीन वेळा जोरात झटका. साबणाच्या वडीवर 15 ते 20 सेकंद फिरवा. क्रीम असेल तर बदामाएवढे पुरे. टोकांवर पाणीदार बुडबुडे न दिसता दाट लेप दिसला की गालावर घ्या. आता फक्त टोके पाण्यात बुडवून थेंब-थेंब पाणी वाढवायचे, साधारण तीन-चार वेळा. फेस दह्यासारखा चकचकीत दिसू लागला की थांबा.

फेस फुगलेला, हलका आणि मोठ्या बुडबुड्यांचा झाला तर साबण कमी पडला आहे किंवा ब्रश फार वेगाने फिरला आहे. पाते फिरवण्याआधीच गालावर सुकत असेल तर पाणी कमी पडले आहे. फेस दिसतो पण चेहऱ्यावर येत नाही, अशीही तक्रार असते. त्यावेळी तो झुबक्याच्या पोटात अडकलेला असतो. मुळापासून टोकाकडे बोटांनी पिळून काढा. ब्रश केसांच्या निम्म्या उंचीपेक्षा जास्त दाबू नका. सतत चेपत राहिले की मधोमध खळगा पडतो आणि तो सहसा भरून येत नाही.

उकळते पाणी टाळा, त्याने गोंद सैल होतो आणि तंतूही वाकडे होऊ शकतात. दाढी झाल्यावर साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, झटका आणि मोकळ्या हवेत ठेवा. उभा ठेवला काय, टांगला काय, सुकण्यात फारसा फरक पडत नाही. पाणी क्षारयुक्त असेल तर मुळाशी पांढरा थर बसतो. त्यासाठी महिन्यातून एकदा पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून त्यात झुबका 10 मिनिटे बुडवा आणि स्वच्छ धुवा. नव्या ब्रशचे चार-दोन केस गळणे चालते; महिनाभरानंतरही रोज गळत असतील तर गोंदाची पकड गेली आहे, तो ब्रश बदलून घ्या.